काचेतून बाहेर पडल्यावर प्रकाशाला वेग परत कोण देतो?

अमळनेरकर
निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो आणि काचेचा अपवर्तनांक (निर्वातातला वेग काचेतल्या वेगाच्या किती पट, तो आकडा) सुमारे १.५ असल्याने काचेत त्याचा वेग दोन लाखांवर येतो, इथवरचे गणित समजले. पण कन्नड घाटात मंदावलेल्या ट्रकला वर आल्यावर वेग घेण्यासाठी इंजिनाचा जोर लागतो. काचेबाहेर पडलेल्या प्रकाशाला तो जोर कुठून मिळतो? शिकवणीत सांगतात की अणू प्रकाश गिळतात आणि थोड्या वेळाने सोडतात, म्हणून उशीर होतो. हे बरोबर आहे का?

पांझराकाठ
ट्रक येथे उपयोगी पडणार नाही, आणि गिळण्या-सोडण्याची गोष्टही नाही. अणूंनी प्रकाश खरोखर शोषला असता, तर तो पुढे वाटेल त्या दिशेला फेकला गेला असता आणि खिडकीतून पलीकडचे कडुलिंबाचे झाड स्वच्छ दिसलेच नसते. प्रत्यक्षात प्रकाशलहरीच्या विद्युतक्षेत्रामुळे काचेतील इलेक्ट्रॉन त्याच वारंवारतेने डोलू लागतात व प्रत्येक जण स्वतःची क्षीण लहर सोडतो; मूळ लहर आणि या असंख्य लहरी यांच्या बेरजेतून जी लहर उभी राहते, तिची शिखरे काचेच्या जाडीबरोबर अधिकाधिक मागे पडत जातात. यालाच आपण वेग कमी झाला असे म्हणतो. वारंवारता मात्र तीच राहते. ६०० नॅनोमीटरची तरंगलांबी काचेत ४०० होते, एवढेच. प्रकाशकणाची ऊर्जा वारंवारतेवर ठरत असल्याने ती कमी झालेलीच नसते, मग परत कोण देणार? काच संपली की इलेक्ट्रॉनांची भर थांबते.

जाता जाता: न्यूटनच्या कणसिद्धान्तानुसार प्रकाश पाण्यात हवेपेक्षा वेगाने जायला हवा होता. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने १८५० साली फिरत्या आरशाच्या साहाय्याने नेमके उलटे दाखवले.

केबलवाला, भुसावळ
आमचे पोट याच अपवर्तनांकावर चालते. फायबर तुटली की ओटीडीआर यंत्र तिच्यात प्रकाशाचा स्पंद सोडते, तो परत यायला लागलेला वेळ मोजते आणि त्यावरून अंतर काढते. त्यासाठी अपवर्तनांक आपणच भरायचा असतो, साधारण १.४६८. कोणी पुस्तकातला १.५ भरला, तर वीस किलोमीटरवरचा बिघाड सुमारे सव्वाचारशे मीटर अलीकडे दिसतो आणि जेसीबी भलत्याच शेताच्या बांधावर उभा राहतो.

अमळनेरकर
पण फायबर सिलिकाची, म्हणजे शुद्ध काचेची, असते ना? १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला सिलिकाचा अपवर्तनांक तक्त्यात १.४४४ दिला आहे.

पांझराकाठ
तक्ता आणि यंत्र दोन्ही बरोबर आहेत. तक्त्यातला आकडा एकाच तरंगलांबीच्या अखंड लहरीचा आहे. स्पंदात मात्र जवळजवळच्या अनेक तरंगलांबी असतात, काचेत त्यांचे वेग किंचित वेगळे असतात, आणि त्यामुळे अख्खा स्पंद एकेका लहरीच्या शिखरांपेक्षा थोडा हळू सरकतो. फायबरच्या गाभ्यात जर्मेनियमची थोडी भर असते, त्यानेही आकडा जरा वाढतो. ओटीडीआर स्पंदाचा वेळ मोजते, म्हणून त्यात स्पंदाचाच अपवर्तनांक भरावा लागतो.