'भूक' आणि 'सुख': ऱ्हस्व-दीर्घ कानाला ऐकू येतं का?

मुळाकाठ (धागाकर्ती)
चौथीच्या वर्गाला मराठी शिकवते. काल वह्या तपासताना एका मुलीच्या 'सूख' आणि 'गूण' या शब्दांभोवती लाल गोल काढले आणि हात थांबला. वरच्याच ओळीत तिनं 'भूक' आणि 'सून' अगदी बरोबर लिहिलं होतं. 'भूक, सुख' असं लागोपाठ मोठ्यानं म्हणून बघा. माझ्या तोंडात तरी दोन्हींतला उकार सारखाच लांबतो. तिनं जे ऐकलं तेच लिहिलं.

मराठीत इ-उ लांबणार की आखडणार हे शब्दातल्या जागेवर ठरतं. शेवटी आला की लांब: कवी, गुरू. शेवटच्या अकारान्त अक्षराच्या आधी आला की लांब: मीठ, फूल, वकील. प्रत्यय लागला की आखडतो: मिठाला, फुलाला, वकिलाला. साहित्य महामंडळाचे १९६२चे शुद्धलेखनाचे नियमही हेच सांगतात, पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम, शब्द दिसला की शेवटचं अक्षर वगळता वाट सोडतात. म्हणून 'वकील' दीर्घ आणि 'मंदिर' ऱ्हस्व. 'मिठाला' ऱ्हस्व आणि 'गीताला' दीर्घ. कुठला शब्द तत्सम, हे नऊ वर्षांच्या मुलीनं कशावरून ओळखायचं? तत्सम शब्दांनाही मराठी उच्चाराचाच नियम लावा. ते होत नसेल तर निदान प्राथमिक शाळेत याचे गुण कापू नका.

वृत्तगंध
अजिबात पटलं नाही. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत, 'लगागा' चार वेळा, म्हणजे एक लघू आणि दोन गुरू अक्षरं. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ टाळी देत म्हणा. त्यातले 'ति' आणि 'चि' लघू पडले तरच ओळ चालते. 'भक्ती' म्हटलंत की तिथेच ठेच लागते. माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती, पण रोज संध्याकाळी हे श्लोक म्हणताना कधी अडखळली नाही. कान आहे हो आपल्याला. त्याला वळण लावायचं आपण सोडून दिलंय.

मुळाकाठ
@वृत्तगंध, आजी श्लोक म्हणताना 'भक्ति' म्हणत असतील, पण बोलताना 'त्याची भक्ती मोठी' असंच म्हणत असणार. पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक त्याच नियमांनी कवीला दिलेली आहे. कवीला मिळते ती सवलत चौथीतल्या मुलीला का नाही?

खिळाजुळणी
बावीस वर्षं मुद्रितं तपासतोय. मागे एका २७ फेब्रुवारीला आमच्या चौकात फलक लागला होता: 'मराठी भाषा गौरव दीन'. दिवसाचा दुबळा झाला. मला तिथून पुढे पाऊल टाकवेना. दिन-दीन, सुत-सूत हे वेगळे शब्द आहेत, वेलांटी-उकारानंच वेगळे राहिलेत.

आणि शब्दाला घराणं असतं. परि अधिक ईक्षा, म्हणून 'परीक्षा'. मुलं सर्रास 'परिक्षा' लिहितात. ते चालवून घेतलं की निरीक्षण, समीक्षा यांच्याशी असलेलं तिचं नातं डोळ्यांना दिसेनासं होतं. बोली बारा कोसांवर बदलते. लिहिणं एक ठेवलं म्हणून तर सावंतवाडीचं पत्र गोंदियात वाचता येतं.

नादरेषा
भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. स्वर लांब उच्चारला जाणं ही एक गोष्ट आणि त्या लांबीमुळे शब्द बदलणं ही दुसरी. 'मन' आणि 'मान' यांत जबडा वेगळा उघडतो, म्हणून अ-आ कधी चुकत नाही. इ-ई मध्ये जीभ जवळजवळ त्याच जागी असते, फरक मुख्यतः वेळेचा, आणि मराठीत तो वेळ शब्दातली जागा ठरवून टाकते. फोनवर 'भूक, भुकेला, सुख, सुखाला' रेकॉर्ड करून ऐका. 'भुकेला'त उकार आखडतो तसाच 'सुखाला'त आखडतो. शब्द तत्सम आहे की तद्भव (बदलून आलेला), हे तोंडाला कळत नाही. उलट बाजूनं 'शरीराला'चं बोलताना 'शरिराला' होतं, आणि वह्यांत तेच उतरतं.

@खिळाजुळणी, महिला दिनाच्या कार्यक्रमात निवेदक ध्वनिक्षेपकावर 'दीन' असाच उच्चार करतात. समोरच्या एकीलाही 'दुबळी' असं ऐकू येत नाही. अर्थ वाक्यातून कळतो.

लिपी उच्चारासाठी जागा करते हेही आपण पाहिलंय. 'बॅट', 'बॉल' यांतले ॲ आणि ऑ २००९च्या शासन निर्णयानं वर्णमालेत घेतलेच ना?

खिळाजुळणी
घेतले, कारण तो आवाज लिहायला आपल्याकडे अक्षरच नव्हतं. नवी खोली बांधणं वेगळं आणि जुनी भिंत पाडणं वेगळं. उद्या 'सूख' छापायला लागलो तर आजवरची सगळी पुस्तकं त्या मुलीला चुकीची वाटतील.

वृत्तगंध
शिवाय 'दीन' म्हणणाऱ्या निवेदकाचा उच्चार हा आधार धरायचा का? तो चुकतोय, एवढंच.

नादरेषा
सगळेच तसं म्हणत असतील तर 'चुकतोय' कशाच्या आधारावर ठरवायचं? लेखनाच्या ना? मग उच्चारावरून लेखन ठरतं, असं आपण वर्गात कशाला सांगतो?

मुळाकाठ
मला नेमकं तेच बोचतं. मीच वर्गात सांगते, 'नीट ऐका आणि लिहा.' तिनं नीट ऐकलं आणि तिचंच चुकलं.

@खिळाजुळणी, पुस्तकांचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे आज उत्तर नाही. वहीवरचे लाल गोल तसेच ठेवले. खाली लिहिलं, 'तू बरोबर ऐकलंस. छापताना सुख, गुण असं लिहितात.' आणि दोन्ही शब्दांचे गुण दिले.

खिळाजुळणी
शेरा मनापासून आवडला. गुण द्यायला नको होते.