बुडबुडे थांबले म्हणजे बिअर तयार झाली, असे नव्हे
घरी बिअर बनवताना एअरलॉकमधले (आंबवण्याच्या भांड्याच्या झाकणावरील, आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) बुडबुडे थांबताच बिअर बाटल्यांत भरावी, हा सल्ला नवशिक्यांसाठी धोक्याचा वाटतो, कारण झाकण किंचित सैल असले तरी बुडबुडे दिसेनासे होतात आणि आत यीस्टचे काम मात्र चालूच राहते. इथे इंग्लंडमध्ये माझ्या पहिल्याच खेपेत शिल्लक साखर बंद बाटल्यांत आंबत राहिली आणि दाबाने तीन बाटल्या फुटल्या; त्या वेळी जवळ कोणी नव्हते, हे सुदैव. म्हणून हायड्रोमीटरचे (द्रवाच्या घनतेवरून शिल्लक साखरेचा अंदाज देणारे उपकरण) माप दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्यावे आणि ते अपेक्षित पातळीला येऊन स्थिरावल्यावरच, बाटलीत फेस येण्यापुरती, म्हणजे १९ लिटरला साधारण ११० ग्रॅम साखर पाण्यात उकळून घालावी व बाटल्या भराव्यात.