बालीत एका दिवसात गरम कुंडं, भातखाचरं आणि देवळं: तुमचे अनुभव लिहा

हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी बालीला निघालेलंच असतं आणि प्रश्न ठरलेला, की गरम पाण्याची कुंडं, भातखाचरं आणि देवळं एका दिवसात उरकतात का. म्हटलं धागाच काढावा. कुठून निघालात, काय आवडलं, काय नसतं बघितलं तरी चाललं असतं, सगळं लिहा. शाकाहाराचंही लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही उबुडहून दिवसभरासाठी गाडी ड्रायव्हरसकट ठरवून उत्तरेला गेलो. तामन आयुन देऊळ, जातिलुविहची भातखाचरं, ब्रातान तळ्याकाठचं उलुन दानू देऊळ आणि शेवटी लोविनाजवळची बंजारची कुंडं. होतं सगळं, पण घाटरस्ता आहे, मॅप दोन तास म्हणाला की तीन धरा. उलुन दानूचं ११ छपरांचं मेरू, म्हणजे एकावर एक छपरांचा मनोरा, सुंदरच, पण आम्ही पोचलो तेव्हा बसेस लागलेल्या आणि जो तो त्याच एका कोपऱ्यात फोटोसाठी घुसत होता. बंजारला मात्र जीव रमला. दगडी नागांच्या तोंडातून पिवळट हिरवं गंधकाचं पाणी पडतं, वरच्या कुंडात आठ नाग, तिथलं पाणी खालच्या मोठ्या कुंडात, आणि बाजूला उंचावरून धारा पडतात त्यांच्याखाली खांदे धरून उभं राहायचं. पाणी चटका देणारं नाही, अंगाला सोसेल इतपतच. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात पाय बुडवल्यावर जे 'आई गं' होतं ते इथे होत नाही. चांदीचं काही घालून उतरू नका, काळं पडतं.

*

आमची घरची भातशेती आहे, संगमेश्वरकडे, त्यामुळे मला बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल पण जातिलुविहला सोडा असं मी ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं. बातुकारू डोंगराच्या उतारावर साधारण ७०० मीटर उंचीला आहे हे. लोक वरच्या रस्त्यावरून फोटो काढतात आणि निघतात. अहो, खाली बांधावरून चाला ना, वाटा आखलेल्याच आहेत. पाटाच्या पाण्यात एक लाकडी ओंडका आडवा टाकलेला आणि त्याला कमीजास्त रुंदीच्या खाचा, जेवढी ज्याची जमीन तेवढी खाच, तेवढंच पाणी त्याच्या खाचरात. भांडण कसलं करणार, सगळ्यांसमोर वाहतंय. ह्या पाणीवाटपाच्या मंडळींना सुबाक म्हणतात, लावणी कधी, पाणी आधी कोणाला, हे ते एकत्र बसून ठरवतात आणि त्यांची स्वतःची देवळं असतात. १९७० च्या दशकात सरकारने जास्त पीक देणारं बियाणं आणून ज्याने त्याने जमेल तितक्या वेळा पीक घ्या म्हटलं, तर सगळ्यांची खाचरं एकाच वेळी रिकामी पडायची बंद झाली आणि कीड इतकी माजली की शेवटी जुनीच पद्धत बरी असं म्हणायची पाळी आली. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं ते नुसत्या हिरवळीसाठी नाही, ह्या व्यवस्थेसाठी. वर लिहिलेलं तामन आयुन पण त्याच यादीत आहे, बहुतेकांना माहीतच नसतं. जातिलुविहला लाल तांदूळ मिळतो, आमच्याकडच्या लाल भाताची आठवण येतेच. मी किलोभर आणला, घरी सगळ्यांनी खाल्ला आणि आईने नाक मुरडलं.

*

तेगल्लालांग टाळा!! झोपाळे, पंखांचे फोटो पॉइंट, आणि खाचरात उतरलं की दर वळणावर डोनेशनचा डबा. उबुडपासून जवळ एवढाच फायदा.

*

सासूबाई बरोबर होत्या म्हणून आम्ही देवळांचाच दिवस केला, गुनुंग कावी आणि तिर्ता एम्पुल, दोन्ही तांपाकसिरिंगलाच. गुनुंग कावीला कातळात कोरलेल्या ११व्या शतकातल्या देवळ्या आहेत, आपल्याला लेण्यांची सवय असूनही बघत राहावं अशा, पण पायऱ्या उतरून जायचं आणि चढून यायचं, गुडघेवाल्यांनी विचार करा. तिर्ता एम्पुलला आतल्या कुंडाच्या तळातून काळी वाळू उडवत पाणी उसळताना स्पष्ट दिसतं, तेच पुढे धारांना येतं. स्नानाला वेगळं सारोंग (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) देतात, ओळीने एकेका धारेखाली जायचं, मधल्या दोन मृतांच्या विधीच्या, त्या सोडायच्या, हे आमच्या पुढच्या बाईने खुणेनेच सांगितलं. सासूबाईंना पडलेला प्रश्न वेगळाच, "अगं मूर्ती कुठाय?" उंच दगडी आसन असतं, ते रिकामं. पुजाऱ्याने तीर्थ दिलं आणि ओले तांदूळ कपाळावर चिकटवले, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला, म्हणाल्या अक्षताच की ह्या. बाराला लाऊडस्पीकरवरून गायत्री मंत्र लागला तर त्या हात जोडून चक्क बरोबर म्हणायला लागल्या. पाळी चालू असेल तर आत जायचं नाही अशी पाटी असते, ते मला पटत नाही, पण माहीत असलेलं बरं.

*

मुलं असतील तर बातूर तळ्याकाठच्या तोया बुंगकाहची कुंडं बघा. पोहायच्या तलावासारखी बांधलेली आहेत, तिकीट महाग, पण पाण्यात बसून समोर अख्खं तळं दिसतं. येताना रस्त्याला दोन्ही बाजूंना काळा लाव्हा पसरलेला, पोरं तिथेच जास्त रमली. बातूर ज्वालामुखीच्या १९२६ च्या उद्रेकात खालचं बातूर गावच गेलं, देऊळ मग वर कड्यावर नेऊन बांधलं. म्हणजे कुंडातलं पाणी गरम का, हे समजवायला वेगळं लेक्चर द्यावं लागलं नाही.
शाकाहार: तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या) जिंदाबाद, पण सांबालमध्ये (मिरचीची चटणी) आणि बऱ्याचदा गाडो-गाडोच्या शेंगदाण्याच्या सॉसमध्येही तेरासी असतं, म्हणजे सुकी कोळंबी कुटून आंबवलेली. आधीच सांगा.

*

मार्चमध्ये जाताय का कोणी? मग न्येपी बघून तिकीट काढा. ते त्यांचं शकाचं नवीन वर्ष, शक आपलाच. २०२५ ला २९ मार्चला न्येपी, ३० ला आपला पाडवा. पण २०२४ ला न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला, कारण अधिक महिना दोघं एकाच वर्षी धरतील असं नाही. न्येपीच्या दिवशी विमानतळ बंद, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, रात्री दिवेसुद्धा मिणमिणते, त्यामुळे डे ट्रिप वगैरे विसरा. आदल्या संध्याकाळी राक्षसांचे मोठाले पुतळे मिरवतात, त्यासाठी मात्र एक दिवस आधीच पोचा. आणि फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपियाह कर आहे, व्हिसाचे वेगळे. ऑनलाइन भरून टाका.