शाळा हलवणार म्हणतात, अंतराचा नियम कुणाला नीट माहीत आहे का?

मंडळी, पोरगी दुसरीत आहे, कोल्हापुरात शिवाजी पेठेत घराजवळच्याच मनपा शाळेत. पट कमी म्हणून ही शाळा गंगावेशीपलीकडच्या शाळेत समायोजित करणार, असं पालकसभेत सांगितलं. निम्मे पालक खूश, तिथले वर्ग चांगले आहेत म्हणे. असतील की! पण गंगावेशीत सकाळी केएमटीच्या बस, रिक्षा, त्यात धारोष्ण दूध विकतात त्या दूध कट्ट्यावरच्या म्हशी. एवढंसं पोर एकटं जाणार कसं?

शिक्षण हक्काच्या नियमात पहिली ते पाचवीसाठी घर ते शाळा 1 किलोमीटरची मर्यादा आहे. ती सरळ रेषेत मोजतात की चालायच्या रस्त्यानं? शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात, मग समितीनं विरोधात ठराव केला तर त्याला काही वजन असतं का? शाळा लांब असली तर मुलांना जो वाहतूक भत्ता असतो, तो कुणाला प्रत्यक्ष मिळालाय का? अर्ज कुणाकडं दिला होता?