एफ-बारा दाबलं तरी मराठी येईना

(गोव्यात फोंड्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, शनिवार)

खजिनदार काका, ए-३ | ९:०४
सर्वांना नमस्कार. चवथीच्या वर्गणीच्या पावत्या आज द्यायच्या होत्या, त्या अडकल्यात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगचं एक वेगळं टूल आहे, एफ-बारा दाबलं की ते सुरू होतं. वर्डमध्ये होतं, ईमेलमध्ये होतं, फक्त पावत्यांच्या प्रोग्रॅममध्ये होत नाही. तिथे एफ-बारा दाबलं की त्या प्रोग्रॅमची स्वतःचीच कसलीतरी सेटिंगची खिडकी उघडते. ती बंद करून टाइप केलं तर इंग्रजी अक्षरं. कोणाला कळत असेल तर सांगा.

ए-२०४ | ९:०७
कीबोर्ड गेला काका. पावसात माझे दोन गेले. बटणाखाली बुरशी धरते.

सेक्रेटरी, बी-२०१ | ९:०९
मी वरच्या बाजारात निघालोच आहे. नवा घेऊन येतो.

बी-३०३ वहिनी | ९:१०
आज पोदेर (पाववाला) आलाच नाही की मलाच हॉर्न ऐकू आला नाही?

सी-४०२ तन्वी | ९:२१
सेक्रेटरीकाका, कीबोर्ड घेऊ नका! तेच बटण वर्डमध्ये चालतंय, मग बटणाला काय धाड भरलीय?

सी-४०२ तन्वी | ९:२१
शिवाय पावत्यांच्या प्रोग्रॅममध्येही ते बटण पोचतंय. पोचतंय म्हणून तर ती खिडकी उघडते. फक्त मराठीवाल्या टूलला ते ऐकू जात नाहीये.

सी-४०२ तन्वी | ९:२४
सेक्रेटरीकाका?

बी-३०३ वहिनी | ९:२५
ते स्कूटरवर आहेत. मोबाइल डिकीत.

ए-२०४ | ९:३०
मग रीस्टार्ट करा. निम्मे रोग त्यानेच जातात.

खजिनदार काका, ए-३ | ९:३३
दोनदा केला. काल लाइट गेली तेव्हा तिसऱ्यांदा आपोआप झाला.

डी-१०१ सर | ९:४०
माझा अंदाज सांगतो. त्या प्रोग्रॅमने एफ-बारा स्वतःसाठी राखून ठेवलंय आणि टूलही तेच मागतंय. एका बटणाचे दोन मालक. दुसरं बटण ठरवून बघा.

सी-४०२ तन्वी | ९:४२
सर, शंका रास्त आहे आणि लगेच तपासता येईल. काका, टूलच्या सेटिंगमध्ये एफ-बाराच्या जागी कंट्रोल + शिफ्ट + एम ठेवा. आधी वर्डमध्ये बघा, मग पावतीत.

खजिनदार काका, ए-३ | ९:५५
वर्डमध्ये लागलीच मराठी आलं. पावतीत काही नाही. आता ती खिडकीसुद्धा उघडत नाही. मेल्यासारखं गप्प.

सी-४०२ तन्वी | ९:५६
म्हणजे भांडण बटणाचं नव्हे. आता असं करा: नोटपॅडमध्ये मराठीत "चवथ वर्गणी" लिहा, कॉपी करा, पावतीत पेस्ट करा.

खजिनदार काका, ए-३ | १०:०१
बसलं की! अक्षरंही नीट दिसतात, चौकोन नाहीत.

सी-४०२ तन्वी | १०:०२
छान, म्हणजे फाँट नि युनिकोड (अक्षरं साठवायची पद्धत) दोन्ही संशयातून सुटले. आता तो प्रोग्रॅम बंद करून परत उघडा. उघडताना स्क्रीन काळवंडते का? "या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का" असं काही विचारतो?

खजिनदार काका, ए-३ | १०:०६
हो, विचारतो. मी येस म्हणतो. व्हायरससाठी असेल असं वाटलं.

सी-४०२ तन्वी | १०:०६
पहिल्यापासून विचारतो?

खजिनदार काका, ए-३ | १०:११
नाही गो बाय. आता आठवलं. मंगळवारी त्या प्रोग्रॅमवाल्यांचा मुलगा आला होता. नवीन व्हर्जन घातल्यावर पावती सेव्ह होईना म्हणून मीच बोलावला. त्याने कुठेतरी एक टिक मारली, सेव्ह व्हायला लागलं, "झालं काका" म्हणून गेला. तेव्हापासून विचारतो. आणि हो, मराठीही तेव्हापासूनच गेलं! त्याआधी वर्षभर तिथे चालत होतं.

सी-४०२ तन्वी | १०:१३
सापडलं. शेवटची एक खात्री. डेस्कटॉपवरची एखादी फाइल माउसने ओढून त्या खिडकीत टाका.

खजिनदार काका, ए-३ | १०:१७
घेत नाही. मनाईची गोल खूण येते. बँकेचं स्टेटमेंट मी असंच ओढून टाकायचो, बुधवारपासून तेही बंद आहे. वाटलं, नवीन व्हर्जनमध्ये काढून टाकलं असेल.

सी-४०२ तन्वी | १०:२९
त्या टिकमुळे तो प्रोग्रॅम आता ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे वरच्या अधिकारांनिशी चालतो. तुमचं टायपिंगचं टूल साध्या दर्जाचं. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून विंडोजचा नियम आहे की खालच्या दर्जाच्या प्रोग्रॅमने वरच्या दर्जाच्या खिडकीत बटणं घुसवायची नाहीत आणि तिथे दाबलेली चोरून ऐकायचीही नाहीत. त्याआधी कुठलाही फडतूस प्रोग्रॅम ॲडमिनच्या खिडकीला हवे ते संदेश धाडू शकायचा, आणि व्हायरसवाले तेच करायचे.

चवथीला आजी सोवळ्यात नैवेद्य करत असते तसं समजा. बाहेरून कोणी तिच्या हातात काही द्यायचं नाही, म्हणून फाइल ओढून चालत नाही आणि टूलची अक्षरंही चालत नाहीत. पण तुम्ही ओट्यावर ठेवलंत तर ती स्वतः उचलून घेते. कॉपी-पेस्ट झालं ते तसं. एफ-बारा तुमच्या हाताने दाबलं जातं म्हणून ते आत पोचतं, पण टूलला कळतच नाही, मग तो प्रोग्रॅम आपला नेहमीचा अर्थ लावून सेटिंग उघडतो.

आणि यात एररही येत नाही. बटणं पाठवणाऱ्या प्रोग्रॅमलासुद्धा विंडोज सांगत नाही की तुला या कारणासाठी अडवलं. म्हणून सगळे कीबोर्डावर घसरतात.

डी-१०१ सर | १०:३६
एक शंका. मग स्क्रीनवरचा तो विंडोजचा कीबोर्ड, माउसने टिचकी मारायचा, तो सगळीकडे कसा चालतो? तोही प्रोग्रॅमच ना?

सी-४०२ तन्वी | १०:३८
सर, तुमच्या वर्गात असते तर पहिल्या बाकावर बसले असते. त्याला खास परवानगी आहे. त्यासाठी प्रोग्रॅमवर डिजिटल सही लागते आणि तो सुरक्षित फोल्डरमध्येच असावा लागतो. अपंगांसाठीच्या सोयी कुठे अडू नयेत म्हणून ही वाट ठेवलीय.

ए-२०४ | १०:४०
मग सोपं आहे. टूललाही ॲडमिन करा. दोघं सोवळ्यात. हाय काय नाय काय.

सी-४०२ तन्वी | १०:४४
चालेल, पण मी करणार नाही. ते फुकट उतरवलेलं टूल आहे, तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण ते ऐकतं, तेच त्याचं काम. निदान ॲडमिनच्या खिडकीत तरी ते बहिरं आहे. याच कॉम्प्युटरवर सोसायटीचं नेटबँकिंग चालतं. त्याला उलट जास्त अधिकार कशाला?

ए-२०४ | १०:४५
🙏

सेक्रेटरी, बी-२०१ | १०:५२
कीबोर्ड घेतला. साडेसहाशे. वर काय चर्चा झाली, कोणी थोडक्यात सांगेल का?

बी-३०३ वहिनी | १०:५३
थोडक्यात: परत करा.

सी-४०२ तन्वी | ११:०५
काका, आजच्या आज पावत्या हव्या असतील तर विंडोजचाच मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा, मराठी उमटतं) घाला. मे २०१९ च्या अपडेटपासून तो आतच असतो. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, मग मराठीसमोरचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, ॲड अ कीबोर्ड. नंतर विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. ते बदलणं विंडोज स्वतः करतं, त्यामुळे ॲडमिनच्या खिडकीतही चालतं.

खजिनदार काका, ए-३ | ११:१४
बाय, तुझं सगळं खरं, पण माझी बोटं रेमिंग्टनवर, टाइपरायटरच्या बटणरचनेवर बसलीत. तीस वर्षं सरकारी कचेरीत मराठी टाइपरायटर बडवला. मराठीसाठी इंग्रजी स्पेलिंग करायचं म्हणजे मला बोटं उसनी आणल्यासारखं वाटतं. एका पावतीला पाच मिनिटं लागतील. पावत्या अठ्ठेचाळीस.

सी-४०२ तन्वी | ११:१६
बरोबर. विंडोजच्या मराठीत इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण बटणरचना) मिळतं, फोनेटिक मिळतं, रेमिंग्टन नाही. म्हणून तर ते टूल घेतलं असणार.

डी-१०१ सर | ११:२०
२०१९ ला फोनेटिक दहा भारतीय भाषांना मिळालं, त्यात कोकणी नव्हती. मी कोकणी नोटीस मराठीच्याच फोनेटिकवर लिहितो. लिपी एकच, त्यामुळे निभावतं, पण सुचवलेले शब्द मराठी येतात आणि मी "जालें" लिहिलं की ते "झाले" करायला बघतं. कोकणीला राजभाषा करणारा गोव्याचा १९८७ चा कायदा कीबोर्डापर्यंत पोचायचाय.

ए-२०४ | ११:२१
सर, इथे भाषावाद नको 😄

डी-१०१ सर | ११:२२
वाद कसला, मी दोन्ही लिहितो.

सी-४०२ तन्वी | ११:३०
मग रोगाच्या मुळाशी जाऊ. ती टिक काढायची. पण थांबा, लगेच नको!! त्या मुलाने ती का मारली? पावती सेव्ह होत नव्हती म्हणून. म्हणजे नवीन व्हर्जनने डेटा 'प्रोग्रॅम फाइल्स' या विंडोजच्या राखीव फोल्डरमध्ये ठेवायला घेतला असणार. साध्या दर्जाच्या प्रोग्रॅमला तिथे लिहायला मनाई असते. नुसती टिक काढली तर मंगळवारचाच घोळ परत. कधी कधी याहून वाईट होतं: जुने प्रोग्रॅम असतील तर विंडोज त्यांचं लिखाण गुपचूप दुसऱ्या फोल्डरमध्ये वळवतं, आणि मग नोंदी एका जागी दिसतात, दुसऱ्या जागी नाहीत. वार्षिक सभेच्या तोंडावर ते नको. मी खाली येते.

बी-३०३ वहिनी | ११:४१
लाइट गेली.

खजिनदार काका, ए-३ | ११:४७
आम्ही दोघं अंधारात बसलोय. यूपीएस पाच मिनिटं चालला, तेवढ्यात पेनड्राइव्हवर बॅकअप झाला. बाकी नंतर.

बी-३०३ वहिनी | १:१५
आली.

सी-४०२ तन्वी | २:०८
झालं. पुढच्या वेळी कोणी माझ्या नावाने शंख करू नये म्हणून लिहून ठेवते. डेटा खरंच प्रोग्रॅम फाइल्समध्ये होता. प्रोग्रॅमच्याच मेनूतून डेटाची जागा डी ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये नेली, जुन्या पावत्या उघडून ताळा केला. मग आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. "रन धिस प्रोग्रॅम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर" ही टिक दिसत होती, पण फिकट, हलवता येईना. त्या मुलाने ती सगळ्या युजरांसाठी मारली होती. खालचं "चेंज सेटिंग्ज फॉर ऑल युजर्स" दाबल्यावर निघाली. आता उघडताना स्क्रीन काळवंडत नाही.

खजिनदार काका, ए-३ | २:१५
एफ-बारा परत लावलं. दाबल्यावर तो कोपऱ्यातला छोटा "म" उजळला आणि पहिल्या फटक्यात "श्रीगणेश चतुर्थी वर्गणी" उमटलं. सेव्ह केलं, बंद करून परत उघडलं, पावती जागेवर आहे. स्टेटमेंटही ओढून टाकलं, घेतलं. देव बरें करूं, बाय.

ए-२०४ | २:१८
मंगळवारच्या मुलाला फोन करून झापा.

सी-४०२ तन्वी | २:२०
नको हो. त्याच्यापुढे प्रश्न सेव्हचा होता, तो त्याने दोन मिनिटांत सोडवला. मराठीचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काका फक्त एवढं कळवा की डेटाची जागा बदललीय, नाहीतर पुढच्या अपडेटला परत टिक मारून जाईल.

खजिनदार काका, ए-३ | २:२२
कळवतो. पावत्या संध्याकाळी सहापासून ऑफिसात. ए-२०४, तुमची मागच्या वर्षीचीही बाकी दिसते.

सेक्रेटरी, बी-२०१ | २:३१
दुकानदार कीबोर्ड परत घेत नाही, पाकीट फोडलंय म्हणतो. ऑफिसात ठेवतो. जुन्याची स्पेस तशीही अडकते.

बी-३०३ वहिनी | २:३३
पोदेर संध्याकाळी येणार का ते अजून कोणी सांगितलं नाही.