मदत हवी आहे: सप्टेंबरअखेर कामासाठी जपानला जायचंय, ऐन टायफूनच्या मोसमात

नमस्कार मंडळी,

बेळगावहून लिहितोय. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघतो. हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉडी, पंपांची कव्हरं असा माल. शॉपनं जपानी एचएमसीची (आडव्या स्पिंडलचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑर्डर दिलीय. मशीन जहाजावर चढण्याआधी त्यांच्या कारखान्यात ट्रायल घ्यायची. आमचंच कास्टिंग, आमचंच ड्रॉइंग. बोअरची, म्हणजे आतल्या भोकांची मापं तिथंच आमच्या गेजनं (माप घ्यायचं साधन) तपासायची आणि बसली तर सही करायची. ती सही करायला मला पाठवतायत. पहिलाच परदेश प्रवास.

कारखाना नागोयाजवळ आहे. तारीख पडलीय अनंत चतुर्दशी झाल्या झाल्या. (बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळते, म्हणजे मी बहुतेक ढोलाच्या आवाजातच बॅग भरणार.) सप्टेंबर म्हणजे तिकडं टायफूनचा भर. हे मालकांना सांगितलं तर म्हणाले, "चोर्ला घाटातनं भर जुलैत गोव्याला जातोस न्हवं? तिथं काय वेगळा पाऊस पडतोय?" माणूस चांगला आहे, पण वादळ म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर घाटातलं धुकं आणि रस्त्यावर पडलेलं झाड येतं, त्यापलीकडं काही नाही.

मी थोडं वाचलं आणि जास्तच घाबरलो. ४ सप्टेंबर २०१८ ला जेबी टायफूननं ओसाकाजवळचं कान्साई विमानतळ पाण्यात घातलं. समुद्रात भराव टाकून बांधलेलं बेट ते. एक टँकर नांगरासकट वाहत येऊन पुलावर आदळला आणि हजारो माणसं बेटावर अडकली. घरी आईनं तो व्हिडिओ बघितलाय, त्यामुळं घरचा विषय तर काढूच नका. नागोयाचं विमानतळही तसंच समुद्रातलं बेट आहे.

एजंटनं दिलेला बेत असा: सांबऱ्याहून (बेळगावचं विमानतळ) बंगळूर एक तिकीट, बंगळूर-नारिता (तोक्योचं विमानतळ) दुसरं वेगळं तिकीट, पुढं तोक्योहून शिंकान्सेननं (बुलेट ट्रेन) नागोया. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल, ती संपली की लगेच परत. मध्ये मोकळा दिवस एकही नाही.

माझा खरा प्रश्न असा की निघायच्या दोन-तीन दिवस आधी वादळ येणार असं दिसलं, तर जायचं की थांबायचं हे ठरवायचं कुणी आणि कशावरून? मी नाही म्हटलं तर "भित्रा" म्हणून शिक्का बसणार. गेलो आणि अडकलो तर हॉटेलचे पैसे कुणाच्या खिशातून? विमा काढायचा तो आत्ता की नंतर? आणि गेजची पेटी सोबत न्यायची की आधी पाठवायची? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: योकोहामावासी

घाबरू नका, पण मालकांचंही ऐकू नका.

इथं टायफूनला नावानं नव्हे, नंबरानं ओळखतात. तुम्ही म्हणताय ते जेबी म्हणजे त्या वर्षीचा २१ नंबर. कारखान्यातली माणसं नंबरच सांगतील, तेव्हा बातम्यांतल्या नावाशी तो आधीच जुळवून ठेवा. हवामान संस्थेच्या नकाशावर पुढच्या पाच दिवसांची वर्तुळं दिसतात. पुढं पुढं वर्तुळ मोठं होतं ते वादळ वाढतंय म्हणून नव्हे. केंद्र त्या वर्तुळात असण्याची शक्यता ७० टक्के, एवढाच त्याचा अर्थ. पाच दिवस आधीचं मोठं वर्तुळ बघून कुणीही निर्णय घेत नाही. दोन दिवस आधी ते बरंच आवळतं. निर्णय तेव्हाचा.

कुणी ठरवायचं याचं उत्तर सोपं आहे: तुम्ही ठरवायचंच नाही. इथं रेल्वे कंपन्या आदल्या दिवशीच जाहीर करतात की उद्या अमुक वेळेपासून गाड्या बंद. गाड्या बंद म्हणजे कारखान्यातले कामगारही घरी. तेव्हा मशीनवाल्यांना आत्ताच ईमेल करा: "वादळामुळे तारीख हलवायची वेळ आली तर तुम्ही किती दिवस आधी कळवाल?" ते लेखी उत्तर देतील आणि तेच मालकांना दाखवा. तुमच्या तोंडून "नको" ऐकण्यापेक्षा जपान्यांकडून "येऊ नका" आलेलं मालकांना चालेल, हे मी अनुभवानं सांगतो.

आणि वादळ लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०२४ च्या ऑगस्टअखेर १० नंबर तिकडं नैऋत्येच्या क्यूशू बेटावर रेंगाळत होता, तरी पावसापायी मिशिमा ते नागोया शिंकान्सेन बंद. तुम्ही बरोबर त्याच पट्ट्यातून जाणार आहात! एरवी मात्र वळण घेऊन उत्तरेला लागला की टायफून वेगानं निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. म्हणून मोकळे दिवस हवेत, ट्रायलच्या आधी एक आणि नंतर एक. गाडी बंद झाली तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात, ती चिंता नको. चिंता खोलीची. गाड्या बंद होणार असं जाहीर झालं की सगळेच खोली वाढवून मागतात, म्हणून घोषणेची वाट न बघता काउंटरवर जाऊन आधी खोली वाढवा, मग दुकानातून पाणी, ब्रेड, केळी आणा. संध्याकाळी गेलात तर शेल्फ रिकामं.

प्रतिसाद: तिकीटवाला

एजंटला ते दोन वेगळ्या तिकिटांचं प्रकरण आधी मोडायला सांगा. सांबऱ्याला ढग खाली उतरले आणि बंगळूरचं विमान रद्द झालं, तर पुढची कंपनी तुम्हाला "आलाच नाहीत" म्हणून मोकळी होईल. एकाच पीएनआरवर तिकीट असेल तर पुढचं बघणं त्यांचं काम. तसं मिळत नसेल तर आदल्या रात्रीच्या राणी चन्नम्मानं किंवा वंदे भारतनं एक दिवस आधी बंगळूर गाठा. देवनहळ्ळीचं विमानतळ बंगळूर स्टेशनापासून लांब आहे, तो वेळही धरा.

वादळ दिसलं म्हणून स्वतःहून तिकीट रद्द करू नका. स्वतः केलंत तर पैसे कापले जातात; कंपनीनं विमान रद्द केलं तर परत मिळतात. शिवाय वादळाच्या एक-दोन दिवस आधी बऱ्याच कंपन्या तारीख फुकट बदलून देतात. मात्र हवामानामुळे अडकलात तर हॉटेलचा खर्च त्या सहसा देत नाहीत.

विमा आजच काढा. वादळाची बातमी आल्यावर काढलेली पॉलिसी बहुतेक वेळा त्या वादळाला लागू होत नाही. "ट्रिप डिले" (उशीर झाल्याची भरपाई) किती तासांनंतर सुरू होतो ते वाचून घ्या.

प्रतिसाद: निपाणीकर

भिऊ नका ओ, जाऊन या. फक्त मुंबईवरनं जायचा विचार करू नका. २०१९ ला आणि २०२१ ला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, गाड्या जागच्या जागी. सप्टेंबरअखेर तेवढं पाणी नसतंय, पण जपानचं वादळ चुकवून निपाणीला अडकलासा तर मालक काय म्हणतील!

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. योकोहामावासींनी सांगितलेला ईमेल काल टाकला, आज उत्तरही आलं: गाड्या बंद होणार असं जाहीर झालं की ते स्वतः ट्रायल पुढं ढकलतील, त्याचे वेगळे पैसे नाहीत. प्रिंट काढून मालकांसमोर ठेवली. एक मोकळा दिवस मान्य झाला, दुसऱ्यासाठी अजून घासाघीस चालू आहे. अडकल्यास खोलीचा आणि जेवणाचा खर्च शॉपचा, हेही ईमेलवर लिहून घेतलं. विमा झाला.

गेजचं मात्र राहिलंच. एअर प्लग गेज (हवेच्या दाबानं बोअर मोजणारं) आणि ते जुळवायची मास्टर रिंग, दोन्ही तेलकागदात गुंडाळून लाकडी पेटीत आहेत. चालेल का?

प्रतिसाद: तिकीटवाला

केबिनमध्ये नेऊ नका, सिक्युरिटीला ते लोखंडी हत्यार वाटेल. कास्टिंग जहाजानं किंवा कुरियरनं जाणारच आहे ना? त्याच पार्सलमध्ये घाला, म्हणजे बॅग हरवली तरी ट्रायल अडत नाही. सोबतच न्यायची असेल तर चेक-इनमध्ये, आणि निघताना बंगळूर विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. त्यावर सिरियल नंबर नीट लिहून घ्या, नाहीतर परत येताना स्वतःच्याच गेजवर ड्युटी मागतील.