मदत हवी आहे: जुन्या इमारतीच्या मागच्या लोखंडी जिन्याची दुरुस्ती

नमस्कार मंडळी,

आमची इमारत गिरगावात, तळमजला अधिक चार, 1940 च्या आधीची, सेसवाली (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी). पुढचा जिना लाकडी आणि त्याच्याच खाली सगळ्यांचे मीटर. मागे मोरीच्या बाजूने वरपर्यंत जाणारा लोखंडी गोल जिना आहे. उद्या मीटरबोर्डाने पेट घेतला तर लाकडी जिना धुराने भरणार, मग वरच्या बिऱ्हाडांना खाली यायला मागचा जिना हीच एक वाट.

त्याची अवस्था मात्र वाईट आहे. वरून ऑइलपेंट चकचकीत, पण पायरीला खालून हात लावला की गंजाचे पापुद्रे हातात येतात. मला जास्त धास्ती आहे ती ब्रॅकेटची. ते भिंतीत शिरतात तिथे पाणी मुरतंय, गंज फुगून विटांना तडे गेलेत. पायरी बदलता येईल, पण ब्रॅकेट सुटलं तर अख्खा जिनाच भिंतीपासून सुटेल.

फॅब्रिकेटर म्हणतो, वरून पत्रे वेल्ड करून देतो. पण पायऱ्या जुन्या नक्षीच्या, ओतीव लोखंडाच्या आहेत. त्याला साधं वेल्डिंग केलं की शेजारीच चीर जाते ना? मधला खांब तोच ठेवून चेकर्ड प्लेटच्या (पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असलेल्या पोलादी पत्र्याच्या) नव्या पायऱ्या कोणी बसवून घेतल्या आहेत का?

मालकांचं म्हणणं, जिना कापून भंगारात द्या. याला माझा ठाम विरोध आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत गोल जिन्याला 9 मीटर उंचीची मर्यादा आहे, आमची इमारत त्यापेक्षा उंच, हे मान्य. पण दुसरा जिना बांधायला जागा नाही, मग आहे ती वाटही घालवायची?

म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करताना स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल आपणच आधी जोडावा का? आणि 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी-जुलैत द्यायचा 'बी' फॉर्म (आगीपासून बचावाची साधनं चालू स्थितीत असल्याचा दाखला): कायदा मालक किंवा भोगवटादार म्हणतो, तुमच्या पागडीच्या इमारतीत प्रत्यक्षात कोण देतं?

शेवटचं, कुलपाचं. चोरांच्या भीतीने खालच्या दाराला कुलूप असतं, चावी एकाच घरात. रात्री दोन वाजता धुरात ती कोण शोधणार? आतून नुसती ढकलून उघडेल पण बाहेरून उघडणार नाही अशी कडी जुन्या लाकडी दाराला बसते का? दुसऱ्या मजल्यावरच्या कुंड्या आणि रिकामे सिलिंडर हलवायला मी शेजाऱ्यांशी बोलतोय, ते होईल.

असं काम करून घेतलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. ओतीव लोखंडाचं काम जाणणारा इंजिनीअर ठाऊक असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.